चौक नसलेलं शहर

संचालकबाईंनी पेन्सिलीचं रबराकडचं टोक प्रतिकृतीतल्या चौकाच्या मधोमध टेकवलं आणि म्हणाल्या, "काका, हा काढायचा राहिलाच की." आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. टेबलावरचा चहाचा डाग पुसायचा राहिला, असं सांगावं तितक्या सहज त्या बोलल्या. पण इंचीचं झालं ते जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं. 'राहिला नाही, ठेवलाय,' हे त्याच्या ओठावर आलं होतं, बाहेर पडलं ते, "कडा सुकायच्यात अजून." आता चौक काढण्याचा आणि कडा सुकण्याचा काय संबंध? पण कारागीर माणूस खोटं बोलला की त्यात हटकून गोंद, कडा आणि सुकणं येतं, आणि समोरच्याला त्यातलं काही कळत नसल्यानं ते खपूनही जातं. "सुकल्या की काढा मग," म्हणून बाई गेल्या. परवा उद्घाटन होतं, त्यांना शंभर कामं होती. इंची मात्र स्टुलावर बसून राहिला. समोर टेबलभर पसरलेलं शहर, आणि त्याच्या छातीवर बरोबर मधोमध तो मोकळा, सपाट, चौकोनी तुकडा. त्यावर एक घर नाही, एक झाड नाही. बोट ठेवावं तर लपवता येईल एवढासा.

म्युझियमच्या मागच्या कार्यशाळेत त्याला सगळे इंची म्हणत. कुणी 'जरा उशीर झाला' म्हणालं तरी हा 'जरा म्हणजे किती?' असं विचारी, त्यावरून. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण हे प्रदर्शन ठरलं तेव्हा लाकूड, कॉर्क आणि पुठ्ठा यांतून आख्खं शहर उभं करणारा दुसरा कुणी सापडेना. सापडत होते ते सगळं कॉम्प्युटरवर करत, आणि त्याला हात लावता येत नसे. म्हणून बाईंनी त्याला घरून बोलावून आणला. प्रदर्शनाचं नाव होतं 'ते आलेच नसते तर'. ते म्हणजे परके. कैक पिढ्या राज्य करून, इंचीच्या लहानपणी गाशा गुंडाळून गेलेले. दोन शहरं शेजारी-शेजारी मांडायची होती, एक आहे तसं आणि एक झालं असतं तसं. दुसऱ्यासाठी तज्ज्ञांची समिती बसली, आणि एकदा समिती बसली म्हटल्यावर शहरातून वस्तू उठू लागल्या. स्टेशन उठलं. घड्याळाचा मनोरा उठला. कोर्ट, तुरुंग, सरळसोट मुख्य रस्ता, बंदराच्या गोद्या, सगळं गेलं. त्यांच्या जागी समितीनं गल्ल्या वळवल्या, विहिरी खोदल्या, टेकडीवर वस्ती चढवली. रंगारी, जो या शहराला रंग देत होता आणि तोंडाला कधी झाकण घालत नसे, एकदा बाईंना म्हणाला होता, "मॅडम, त्या शहरात मी असतो का?" बाई हसून म्हणाल्या, "असता की. दुसरं काहीतरी रंगवत असता." "म्हणजे तिथंही रंगारीच! मग एवढा इतिहास उलटापालटा करून माझ्या पदरात काय पडलं?" सगळे हसले. इंचीही हसला. पण तो हसला जरा उशिरानं, कारण मनातल्या मनात तो तोच प्रश्न दुसऱ्या एका माणसाबद्दल विचारत होता.

चौक परक्यांनीच केला होता, त्यात बाईंचं काही चुकलं नव्हतं. कधी काळी इथं दाट वस्ती होती. एका दंग्यानंतर त्यांनी ती पाडली आणि जागा मोकळी ठेवली, बंदुकीच्या नजरेला आडवं काही येऊ नये म्हणून. हे पुढं शाळेत शिकवलं. इंचीला शिकवायची गरज नव्हती. तेव्हा तो लहान होता, गालफुगीनं आजारी. कानाला ऊबदार फडकं बांधलेलं, त्यामुळं गोळ्यांचा आवाज त्यानं ऐकलाच नाही. त्यानं ऐकली ती दुकानांची शटरं. चौकाकडून एकामागून एक पडत येणारी, लोखंडी कठड्यावरून कुणी काठी ओढत यावं तशी, जवळ, अजून जवळ, आणि शेवटी त्यांच्या घराखालचं. मग जे शांत झालं ते घर पुन्हा नीट बोलतं झालंच नाही. ताईचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो फिटर त्या दिवशी गोदीतल्या कामगारांच्या मोर्चात होता. राज्य जायचं हे तेव्हा ठरूनच गेलं होतं. कधी आणि कुणाच्या हाती सोपवायचं, एवढंच बाकी होतं. जाता जाता, सामान बांधता बांधता, कुणा अधिकाऱ्यानं गोळीबाराचा हुकूम दिला, आणि फिटर चौकातून परत आला नाही. इंचीला आयुष्यभर खुपलं ते हेच. ते आलेच नसते तर, असं त्यानं कधी मागितलंच नव्हतं. तो तसा वाजवी माणूस. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या तो इतिहासाशी घासाघीस करी. एक वर्ष आधी गेले असते तर? बरं, वर्ष नको, एक महिना. महिनाही नको, तो दिवस तेवढा. तोही जमत नसेल तर त्या अधिकाऱ्याला त्या सकाळी ताप यावा, गालफुगी व्हावी, मला झालीच आहे ना, तशी. इतकं खाली उतरूनही सौदा जमला नव्हता. आणि आता, म्हातारपणी, कुणीतरी येऊन त्याच्या हातात आख्खाच इतिहास ठेवला होता. घे, म्हणे. एक दिवस कशाला? सगळंच घे.

फिटर त्याला आठवायचा तो तुकड्यातुकड्यानं. शर्टाला मशीनच्या तेलाचा वास. हाताच्या रेघांत न निघणारा काळेपणा. घरी आला की बाबांशी दोन शब्द बोलून तो या धाकट्या मेहुण्यापाशी बसे, कारण ताईपाशी बसणं शोभलं नसतं. एकदा त्यानं खिशातून दोन लोखंडी तुकडे काढून जोडले आणि म्हणाला, "डोळे मीट. जोडावरून नख फिरव. लागतंय?" "नाही." "मग जोड चांगला. डोळ्याला फसवता येतं, नखाला नाही." इंचीचं सगळं शिक्षण पुढं इथूनच उगवलं. पण ते उगवायला खतपाणी घातलं ताईनं. बाबा खचले, मग गेले, त्यांच्यामागं आईही गेली. बाबा खचले तेव्हाच ताई टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागली होती, तिथल्या पगारावर तिनं याला शिकवला, उभा केला, लग्न करून दिलं. स्वतः केलं नाही. इंचीच्या हिशेबी ताईचं आयुष्य म्हणजे एक लांबलचक खर्चाची बाजू होती आणि जमेला होता तो हा एकटा. त्याचं हे हातातलं कसब, त्याचं घर, त्याची मुलं, सगळं त्या सकाळच्या चौकातून निघालेलं. फिटर जगला असता तर ताई आपल्या संसारात गेली असती, आणि हा कुठल्यातरी दुकानात पोती मोजत बसला असता. मग मोजली असती! तो स्वतःशी म्हणे, आणि म्हणताना त्याला बरं वाटे. आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा वाईट वाटे. बायको एकदा वैतागून म्हणाली होती, "तुम्ही ताईंकडं बघता ना, ते देवळातल्या मूर्तीकडं बघावं तसं. त्या बिचाऱ्या चहात साखर कमी पडली म्हणून हाक मारत असतात."

म्हणून त्यानं या नव्या शहरात, समितीला न विचारता, एक घर घातलं होतं. खालच्या अंगाला, गोदीमागच्या वस्तीत, जिथं खरोखर फिटरचं घर होतं तिथंच. नखाएवढं घर, पण त्याला पुढं ओसरी, ओसरीला कठडा, मागं एक खिडकी. खिडकीत ब्लेडच्या टोकानं उभं केलेलं एक माणूस. लांबून बघणाऱ्याला तो ठिपकाच वाटला असता. ताईला तो दाखवायचा होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलं होतं की कडेची नजर गेलीय, मधली आहे तोवर आहे, बघायचं असेल ते बघून घ्या. ताईनं त्यावर डॉक्टरांनाच विचारलं होतं, "काय काय बघू? यादी द्या." पण इंचीनं ते वाक्य मनावर घेतलं. बघायचं असेल ते. तिनं काय बघायचं राहिलंय हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणजे असं त्याला वाटत होतं. त्या शहरात चौक नव्हता, म्हणून फिटर होता, म्हणून ताई खिडकीत होती. फक्त इंचीच्या हातून चौक निघत नव्हता. शहराचं बाकी सगळं त्यानं उठवलं, स्टेशन काय, कोर्ट काय, पातं घालून खटाखट उचकटलं आणि टेबलाखालच्या भंगाराच्या खोक्यात टाकलं. चौकापाशी आला की पातं बोथट व्हायचं. तो चौक काढला की मग तो कुठंच नाही. आणि तो कुठंच नसला, तर आपण इतकी वर्षं कशाभोवती फिरत होतो?

दुपार कलायच्या आत त्यानं शेवटी पातं घातलं. चौकाचा तुकडा सुटून वर आला, हलका, पावाच्या कडेसारखा, आणि खाली राहिली ती फिकट जागा. त्या फिकट जागेची कड तासायला म्हणून त्यानं सवयीनं डोळे मिटून नख फिरवलं. नख चौकापासून निघालं, उतरत उतरत खालच्या वस्तीकडं गेलं आणि मध्येच अडखळलं. बारीकशी पायरी. त्यानं पुन्हा फिरवलं, पुन्हा अडखळलं, तिथंच. डोळ्याला काही दिसत नव्हतं, रंगाऱ्यानं वरून मातीचा रंग असा सफाईनं दिला होता. इंचीनं पात्याचं टोक त्या जोडात घातलं आणि पत्रा उचलावा तसा एक कोपरा वर केला. खाली निळं होतं. क्षणभर त्याला कळेना की हे काय. मग कळलं, आणि कान तापले. ही बैठक, म्हणजे शहराखालची फळी, नवी नव्हती. धंद्याची रीतच ती, बैठकीची फळी कधी टाकून द्यायची नाही, जुन्या प्रतिकृतीचं वरचं काढून तीच पुन्हा वापरायची. हीच फळी त्यानं तरुणपणी बंदरासकट शहराच्या प्रतिकृतीला वापरली होती. तेव्हा आधी खाडी रंगवून घेतली आणि मग तिच्यावर, परक्यांनी खाडी बुजवायला घातला तसाच, भरावाचा पुठ्ठा चढवून त्यावर गोद्या नि वस्ती बसवली. यंदा त्यानं गोद्या काढल्या, रस्ते काढले, मनोरे काढले, परक्यांची खूण म्हणून जे जे वर दिसत होतं ते सगळं काढलं, आणि त्यांनी केलेली जमीन तशीच ठेवली. जमीन कुणी केलेली असते हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. समितीच्याही आलं नाही, पण समितीच्या डोक्यात न येणं हे समितीचं कामच आहे. नख याचं होतं.

लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण इंची उठून बाईंना सांगून आला. त्याला वाटलं त्या रागावतील. बाई तर खूशच झाल्या. "म्हणजे खालचा सगळा भाग पाणी! काका, काय सुंदर दिसेल. तुमचं ते चकचकीत रेझिन ओतता येईल ना? आज ओतलं तर परवापर्यंत वाळेल?" वाळेल, तो म्हणाला. संध्याकाळच्या आत ओतायला हवं. रंगारी कपाळाला हात लावून म्हणाला, "इंचीशेठ, तुमच्या खरेपणापायी मी आता पुन्हा निळा रंग कालवू? एवढी वर्षं ते लोक पाणी बुजवत बसले, आणि तुम्ही एका दुपारी सगळं उघडं पाडलंत!" आणि खरोखरच डबा शोधायला लागला.

इंचीनं चिमट्यानं ते घर उचललं. चिमट्यात धरून तो शहरभर हिंडला. टेकडीवर ठेवून बघितलं. उंच पडलं, उगीच श्रीमंत दिसायला लागलं. जुन्या वेशीपाशी ठेवलं, गर्दीत हरवलं. विहिरीशेजारी ठेवलं तेव्हा जरा बरं वाटलं, आणि नेमका तिथंच त्याच्या चोख डोक्यानं त्याचा घात केला. फिटरचा आजा या शहरात आला होता तो टोपलीनं माती वाहायला. भरावाच्या कामाला परक्यांनी लांबलांबून माणसं आणली, त्यातला तो एक. भराव नाही तर टोपली नाही, टोपली नाही तर आजा नाही, आणि आजा त्याच्या त्या दूरच्या गावातच राहिला म्हणजे फिटर, असलाच तर, तिथं कुठंतरी बैल हाकत असणार किंवा सुतारकाम करत असणार, दुसऱ्याच कुणाच्या बहिणीशी लग्न ठरवून. ते आले, म्हणून तो आला. ते आले, म्हणूनच तो गेला. एक वर्ष आधी जा, एक दिवस आधी जा, अशी घासाघीस चालली असती. पण येऊच नका म्हटलं की ताईच्या ओसरीवर कुणी चढतच नव्हतं. इंचीनं किती उलटसुलट मांडून बघितलं. ज्या शहरात चौक होता त्यात फिटर मरत होता, आणि ज्यात चौक नव्हता त्यात तो ताईला भेटतच नव्हता. शेवटी त्यानं घर विहिरीशेजारीच ठेवून दिलं, गोंद न लावता, आणि फोन उचलला. "ताई, आज येतेस का म्युझियमला? आत्ताच. नाही, मला काही झालं नाही. एक दाखवायचंय."

ताई आली ती एका हातातल्या छत्रीची काठी करून आणि दुसऱ्या हातानं भिंत चाचपत, पण चालणं असं की भिंतीनंच तिचा आधार घेतलाय असं वाटावं. रंगाऱ्यानं खुर्ची दिली. "बसा ताई. तुमच्या भावानं आज समुद्र मागवलाय." "लहानपणी अंथरुणातच करायचा," ताई म्हणाली, आणि रंगारी इतक्या जोरात हसला की त्याचा ब्रश खाली पडला. मग शहाणपणानं तो चहाचं निमित्त काढून बाहेर गेला. ताईनं पिशवीतून भिंग काढलं, टेबलावर वाकली आणि नजरेचा उरलेला तेवढासा तुकडा शहरावरून सावकाश फिरवायला लागली, दिवा घेऊन अंधारी खोली बघावी तशी. इंची शेजारी उभा राहून सांगत होता. हे शहर बघ, परके आलेच नसते तर. ही वेस. ही टेकडी. "आणि इथं बघ, विहिरीपाशी. खिडकीत कोण दिसतंय?"

"माणूस दिसतंय."

"तू आहेस ती."

"मी?" ताईनं भिंग जवळ नेलं. "जाडी केलीस की मला."

"हे तुझं घर आहे, ताई. तुझं आणि..." पुढं त्याला नाव घेता येईना. "म्हणजे तसं झालं असतं तर. हा चौक नाही ना इथं. बघ, चौकच नाही."

ताईनं भिंग घरावर तसंच धरलं.  इंचीला वाटलं आता ती रडेल, आणि तो काय करेल हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. पण भिंग घरावरून निघालं आणि गल्लीगल्लीनं सरकू लागलं, काहीतरी शोधत असल्यासारखं. वेशीपर्यंत जाऊन परत आलं.

"बरं. आणि मग मी कामाला कुठं जाते?"

"कामाला?"

"एक्सचेंज कुठाय रे? कोर्टाच्या शेजारी असायला पाहिजे. कोर्टही दिसत नाही."

इंचीची नजर खाली गेली. एक्सचेंज टेबलाखाली होतं, भंगाराच्या खोक्यात. दगडी, कमानीवालं, परक्यांनी बांधलेलं. पहिल्याच दिवशी त्यानं ते उचकटलं होतं, स्टेशनाच्या पाठोपाठ, आणि उचकटताना त्याच्या मनात काहीसुद्धा आलं नव्हतं. "ते... ते त्यांचं होतं ना ताई. समितीनं..."

"त्यांचं?" ताई सरळ झाली. "इमारत त्यांची असेल. आत आम्ही होतो. ते गेले तेव्हा मला लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं, पुढं सगळी वर्षं आमचीच होती. बावळटा, माझी उभी नोकरी गेली की त्यात!" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं भिंग टेबलावर पालथं ठेवलं. "रांगेनं बसायचो आम्ही, कानाला ते यंत्र, समोर दोऱ्यांचं जंगल. आख्खं शहर माझ्या कानात बोलायचं. कुणाला मुलगा झाला हे बापाच्या आधी मला कळायचं. नगराध्यक्षांची बायको माहेरी काय सांगते ते ऐकून आमच्या मोठ्या बाईंना हसू आवरायचं नाही, त्या तोंडात रुमाल कोंबायच्या. पुराच्या वेळी आम्ही दोन दिवस खुर्चीवरून उठलो नव्हतो. तुला माहितीय हे?"

"नाही."

"कसं माहीत असणार? विचारलंस कधी? संध्याकाळी घरी आले की तू दारातच उभा. 'ताई, दमलीस?' रोज. दमलीस, दमलीस. अरे, मी दमायचे कुठं? मी मजेत यायचे. पण तुझं तोंड बघितलं की वाटायचं, आता मजेत आहे म्हटलं तर याला वाईट वाटेल. मग म्हणायचे, हो रे, दमले."

इंची स्टुलावर बसला. बाहेर रंगारी कपबशांचा मुद्दाम मोठा आवाज करत होता, आता आत येऊ का, असं विचारल्यासारखा.

"तो जगला असता तर मी नोकरी केली नसती," ताई म्हणाली. "त्याच्या आईनं आधीच सांगितलं होतं, आमच्यात बायका बाहेर जात नाहीत. मीही म्हटलं होतं, नाही जाणार. गेले नसते, आणि सुखातही राहिले असते, कुणी सांगावं. मला तो आवडायचाच. फार आवडायचा." हे ती इतकं सरळ म्हणाली की इंचीनं खाली बघितलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. "बघ, आता पण मान खाली घातलीस. त्याचा विषय निघाला की तुझं हेच. आई गेल्यावर त्याच्याबद्दल बोलायला मला तू एकटाच राहिला होतास. मला त्याच्यावर हसायचंसुद्धा होतं रे. एकदा तो आमच्या दारात शिट्टी वाजवायला गेला आणि नुसतीच हवा आली, ते मला कुणाला तरी सांगायचं होतं. पण त्याचं नाव काढलं की तू अस्सा चेहरा करायचास, कुणीतरी आत्ताच्या आत्ता मेलंय असा. मग मी काढायचं सोडलं. तुला त्रास नको म्हणून. आणि न काढता न काढता..." ती थांबली. हातानं चाचपून तिनं भिंग शोधलं, विहिरीशेजारच्या त्या घरावर धरलं, पण डोळा लावला नाही. "ओसरीवर त्याला पण उभा केलायस?"

"नाही. मला... त्याचा चेहरा नीट आठवेना."

"मलापण नाही आठवत," ताई म्हणाली.

 रंगारी चहा घेऊन आला, ठेवून गेला. खाडीचा निळा रंग पंख्याखाली वाळत आला होता. इंचीनं विहिरीशेजारचं घर उचललं, हात थोडा वेळ तसाच धरला, मग टेबलाखाली वाकून त्यानं ते भंगाराच्या खोक्यात ठेवलं, कमानीवाल्या इमारतीला खेटून. ताईला ते दिसलं की नाही कोण जाणे. मग रेझिन आणि ते घट्ट करणारं रसायन एकत्र ढवळून त्यानं ते ओतायला घेतलं, पातळ धारेनं, कडेकडेनं, बुडबुडा येऊ न देता. पाणी हळूहळू वस्तीच्या जागेवर चढत गेलं. ताई खुर्चीवर बसून ऐकत होती. बघत नव्हती, ऐकत होती. धार कधी जाड झाली, कधी बारीक, हे तिला आवाजावरून कळत असावं, कारण एकदा ती म्हणाली, "घाई करू नकोस," आणि खरोखरच त्याचा हात घाईला आला होता.

बाहेर पडले तेव्हा दिवे लागायच्या आधीचा तो मळकट उजेड होता. इंचीनं सवयीनं ताईचा दंड धरला आणि डावीकडं वळला, कोर्टामागच्या बोळाकडं. तिला घेऊन निघाला की तो नेहमी इकडूनच जाई. लांब पडे, बोळात सायकली लावलेल्या असत, चिखल असे, पण चौक टळे. ताई थांबली. "इकडून कशाला? बस तर समोर मिळते." तो पुटपुटला की इकडं गर्दी कमी असते. "चौकातून चल," ती म्हणाली. "तुला असतो बोळाचा नाद, म्हणून मी येते मुकाट्यानं तुझ्याबरोबर. ड्यूटीला मी रोज चौकातूनच जायचे. एक्सचेंजचं दार चौकातच उघडायचं ना." आणि तीच पुढं झाली. मग त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं. फूटपाथ संपला, पायाखाली रुंद, गुळगुळीत झालेले दगड लागले, आणि चारी बाजूंनी वाहनांचा आवाज अंगावर आला. हे दगड त्यानं किती वेळा कापून बसवले होते, बोटाएवढ्या जागेत, एकेका दगडाला रेघ मारून. फोटोवरून. चालत इथं तो शेवटचा कधी आला होता हे त्याला आठवेना. मग लक्षात आलं की तसं आठवण्यासारखं काही नव्हतंच, गालफुगीच्या आधी कधीतरी बाबांचं बोट धरून, तेवढंच. दंड त्यानं अजून धरलेला होता. आधार कोण कुणाला देत होतं हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

मध्यावर आल्यावर ताईची चाल मंदावली. तिनं मान एकीकडं कलती केली, उरलेली नजर नेमकी लावायला करायची तशी. "इथंच कुठंतरी ना रे?" ती म्हणाली. "नेमकं कुठं? एवढी वर्षं येत-जात होते, पण कुणाला विचारावंसं वाटलं नाही."

"मला काय माहीत, ताई?"

"म्हणजे? तुला माहीत असेल. बाबा गेले होते ना त्याला आणायला. मुलगा म्हणून तुला तरी बोलले असतील ते."

"नाही. मला वाटायचं, त्यांनी तुला सांगितलंय. म्हणून तर मी तुला इकडनं कधी नेत नव्हतो."

ताईनं त्याच्याकडं बघितलं, म्हणजे त्याच्या आवाजाकडं. मग छत्रीचं टोक एका दगडावर टेकवलं. तिथून उचलून शेजारच्यावर. तिथून पलीकडच्यावर. इंचीही खाली बघत होता. दगड सगळे सारखे होते, कुठंच काही नव्हतं, आणि बाबा जाऊन जन्म लोटला होता. एका गाडीवाल्यानं जवळ येऊन करकचून ब्रेक लावला. खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "ओ आजोबा, भर रस्त्यात काय हरवलंय?"

"काही नाही बाबा, तू जा," ताई म्हणाली, आणि जागची हलली नाही.